माशी दिसते, माणूस दिसत नाही

गटारी जवळ आली की आपल्याकडे चिकनचे भाव चढतात आणि चिकनवरचे वादही. कुणीतरी एखाद्या फ्राइड चिकनच्या साखळी दुकानाच्या स्वयंपाकघराचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतं. काळं पडलेलं तेल, हाडाजवळ लालसर राहिलेला तुकडा, असलं काहीतरी. लगेच तीन फळ्या पडतात. एक म्हणते, इंजेक्शनं देऊन फुगवलेल्या कोंबड्या आहेत या, पोरांना देऊ नका. दुसरी म्हणते, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीपेक्षा शंभरपट बरं, निदान टोपी-हातमोजे तरी घालतात. तिसरी फळी शाकाहाऱ्यांची. ती दोघांचीही कीव करते आणि एक श्लोक चिकटवून मोकळी होते. दोनेक दिवस हमरीतुमरी चालते, मग श्रावण लागतो आणि विषय आपोआप मिटतो.

मला या वादाचा वीट आलाय, कारण तिन्ही फळ्या एकच प्रश्न विचारताहेत: हे माझ्या पोटात गेलं तर माझं काय होईल? (शाकाहारी मंडळी फार तर पोटाऐवजी आत्मा म्हणतात.) ज्या मुलाने तो तुकडा तळला, ज्या बाईने शेडमधलं तूस उपसलं, ज्या पोरांनी मध्यरात्री कोंबड्या पकडून गाडीत भरल्या, त्यांचं काय होतं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तो आहे. खाणाऱ्याच्या तब्येतीचा विचार झाल्यावर उरलेल्या दयाबुद्धीने हाताळायची ती पुरवणी नाही. आणि तो मागे ठेवला की काय होतं, याचा शंभराहून जास्त वर्षांचा पुरावा पडलेला आहे.

इंजेक्शनचं आधी उरकून घेऊ, कारण त्यात अडकलं की पुढे सरकताच येत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालची कोंबडीची जात आणि २००५ सालची जात एकच खाद्य घालून सोबत वाढवून पाहिली. छप्पन्न दिवसांनी पहिली ९०५ ग्रॅमची भरली आणि दुसरी ४ किलो २०२ ग्रॅमची. आजची कोंबडी मोठी होते ती पिढ्यान्पिढ्या केलेल्या निवडीमुळे. हजारो पिल्लांच्या शेडमध्ये एकेक पिल्लू धरून टोचत बसायला कुणाला परवडेल? अँटिबायोटिकची काळजी मात्र खरी आहे. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. ते कोंबड्यांना द्यायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती उगाच नाही. पण असली औषधं टाकीच्या पाण्यात उघड्या हाताने ढवळणारा माणूस, त्या औषधांनाही दाद न देणाऱ्या जंतूंना आपल्या कितीतरी आधी सामोरा जातो. म्हणजे ज्या मुद्द्यावर आपण स्वतःच्या पोटासाठी घाबरतो, तिथंही रांगेत पहिला तोच उभा असतो.

जून १९९५ मध्ये केएफसीचं देशातलं पहिलं दुकान बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर उघडलं तेव्हाचा गदारोळ आठवणारे अजून बरेच असतील. चिकनमध्ये अजिनोमोटो प्रमाणाबाहेर आहे म्हणून महापालिकेने परवाना काढून घेतला. दिल्लीतलं दुकान बंद पाडलं गेलं ते स्वयंपाकघरात माश्या आढळल्या म्हणून. पुढे जानेवारी १९९६ मध्ये कर्नाटक राज्य रयत संघ या शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरच्या दुकानाची मोडतोड केली. संघटनेचे नेते प्रा. नंजुंडस्वामी यांचा मुद्दा मला आजही पोकळ वाटत नाही. माणसांच्या तोंडचं धान्य कोंबड्यांच्या खाद्यात जाणार आणि शेती त्या मागणीकडे वळणार, हे त्यांनी वेळेआधी ओळखलं होतं. पण त्या सगळ्या गोंधळात, न्यायालयापासून वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत, चर्चा झाली ती अजिनोमोटोची, माश्यांची आणि स्वदेशीची. काउंटरमागे उभी राहणारी पोरं किती तास उभी राहणार आहेत? त्यांना बसायला स्टूल आहे का? असले प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर आल्याचं दिसत नाही. स्वयंपाकघरात शिरलेल्या निरीक्षकाला माशी दिसली. तिथं काम करणारा माणूस त्याच्या तक्त्यात नव्हताच.

माश्यांवरून अमेरिकेतल्या हॅम्लेटची आठवण निघणं अपरिहार्य आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं हे छोटं गाव. तिथं इम्पिरियल फूड प्रॉडक्ट्स नावाचा कारखाना होता आणि फास्ट फूडच्या दुकानांना लागणारे चिकनचे तळलेले तुकडे तो तयार करायचा. ३ सप्टेंबर १९९१ च्या सकाळी तळण्याच्या भल्या मोठ्या यंत्राजवळची एक हायड्रॉलिक नळी फुटली, तेलाचा फवारा ज्वाळांवर पडला आणि काही मिनिटांत सगळा कारखाना धुराने भरला. पंचवीस माणसं मेली, त्यांत बायका जास्त. बाहेरची दारं कुलूपबंद होती. आतून मारलेल्या लाथांचे ठसे एका दारावर तसेच राहिले. दारं बंद का? कारणं दोन सांगितली गेली: कामगारांनी चिकन चोरू नये, आणि माश्या आत येऊ नयेत. अकरा वर्षं हा कारखाना चालला. त्या अकरा वर्षांत कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी करायला एकदाही कुणी फिरकलं नव्हतं. मांस तपासणारा कृषी खात्याचा निरीक्षक मात्र नेमाने येत होता.

ही गोष्ट एका बेफिकीर मालकाची म्हणून सोडून देता येते. अमेरिकेनेही आधी तशीच सोडून द्यायचा प्रयत्न केला. मालकाला जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पाच वर्षांच्या आत तो बाहेर आला. पण मालक दुष्ट असेल तर दुष्टच. सरकारचा माणूस रोज दारातून आत जातो, कोंबडीचा तुकडा न् तुकडा पाहतो आणि कुलूप बघून परत येतो, याला काय म्हणायचं? त्याच्यावर कामचुकारपणाचा आरोप करता येणार नाही. त्याला सोपवलेलं काम त्याने चोख केलं. समाजाने त्याच्यावर खाणाऱ्याचं पोट सोपवलं होतं, करणाऱ्याचा जीव सोपवला नव्हता.

हे असं का झालं, त्याचं मूळ १९०६ मध्ये आहे. शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या स्थलांतरित मजुरांचे हाल दाखवायला अप्टन सिंक्लेअर यांनी ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. लोकांनी ती वाचली आणि सगळे हादरले ते मांसात काय-काय मिसळतं हे कळल्यावर. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मांस तपासणीचा कायदा झाला. मी लोकांच्या काळजावर नेम धरला होता, लागला तो पोटावर, अशा अर्थाची खंत सिंक्लेअर यांनी पुढे बोलून दाखवली. कामगारांच्या सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा यायला तिथं १९७० साल उजाडलं. चौसष्ट वर्षांचं हे अंतर डोळ्यांआड करून आजच्या चिकन उद्योगाकडे बघताच येत नाही.

कारण ते अंतर अजून भरलेलं नाही. अमेरिकेतल्या चिकनच्या मोठ्या कारखान्यांत साफ केलेल्या कोंबड्यांची साखळी मिनिटाला १४० पर्यंतच्या वेगाने फिरू शकते. २०१८ पासून काही कारखान्यांना १७५ ची सवलत मिळू लागली. ही मर्यादा ठरवतं कृषी खातं, आणि ती ठरते कोंबडी नीट तपासता यावी या हिशेबाने. दिवसाला हजारो वेळा तोच काप घेणाऱ्या मनगटाचा त्या आकड्याशी संबंध नाही. तिथल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने साउथ कॅरोलिनातल्या एका कारखान्यात तपासणी केली तेव्हा तपासलेल्या कामगारांपैकी ४२ टक्के लोकांत मनगटाची नस दबल्याची लक्षणं मिळाली. त्या टेबलांशी उभे असतात ते बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक. ऑगस्ट २०१९ मध्ये मिसिसिपीतल्या चिकन कारखान्यांवर एकाच दिवशी धाडी पडल्या आणि ६८० जणांना कागदपत्रं नाहीत म्हणून धरून नेलं. २०२३ च्या जुलैत त्याच राज्यात हॅटिसबर्गच्या कारखान्यात रात्री यंत्र साफ करताना सापडून मेलेला ग्वाटेमालाचा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्या कोंबड्यांचं मांस मात्र तपासलेलं होतं, शिक्क्यासकट.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून लिहिणं लबाडीचं होईल. आपल्याकडची साखळी दुकानं कामगारांना छळतात असं म्हणणाऱ्याने आधी गल्लीतल्या चिकन सेंटरमध्ये डोकावून यावं. ड्रमशेजारी उभा राहणारा पोरगा कुठून आला, किती वर्षांचा आहे, पगार कुणाच्या हातात जातो, काही ठावठिकाणा नसतो. साखळी दुकानात बँकेत पगार पडतो, पीएफ कापला जातो, युनिफॉर्म मिळतो, कुणी काही काम शिकवतं. बीड-परभणीकडून पुण्यात आलेल्या बारावी पास मुलाला ओळखीशिवाय मिळणारी ही अनेकदा पहिली नोकरी असते. मुलींना रात्री घरी सोडायला गाडी देणारी दुकानंही आहेत. हे सगळं खरं आहे आणि कमी मोलाचं नाही. माझा आक्षेप त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. मुंबईच्या गिरण्यांतली नोकरीही कोकणातल्या नापीक वरकस जमिनीपेक्षा बरी होती. म्हणून गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गप्प बसायला हवं होतं का?

लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलं ते काय होतं? आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पंधरा तारखेच्या आत पगार. १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली, त्यात दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार. आज मराठी घरात रविवार म्हटला की चिकन-मटण, आणि शहरात रविवार म्हटला की मॉल. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या त्या सुट्टीत आपण ज्या काउंटरपुढे रांग लावतो, त्या काउंटरमागच्या मुलाला रविवारी वीक-ऑफ मागायची सोय नसते. त्याचा वीक-ऑफ मंगळवारी किंवा गुरुवारी, म्हणजे लोक चिकन खात नाहीत त्या वारी. भाऊबंदांतलं एखादं लग्न, गावची जत्रा, मित्रांची क्रिकेट मॅच, सगळं रविवारी असतं आणि सगळं हुकतं. कायद्याने त्याची सुट्टी त्याला मिळते, यात वाद नाही.

माझा एक भाचा पुण्यातल्या अशाच एका दुकानात तळणीवर होता. तो सांगायचा, भाजण्याचा त्रास वाटतो तेवढा नसतो, सवय होते. त्रास टायमरचा. तळलेले तुकडे गरम कपाटात ठेवले की प्रत्येक ट्रेचा टायमर सुरू होतो; वेळ संपली की ते फेकायचे आणि किती फेकले ते लिहायचं. कमी तळले तर गिऱ्हाईक आणि डिलिव्हरीवाले खोळंबतात, जास्त तळले तर वेस्ट वाढतं. दोन्हीबद्दल बोलणी त्यालाच. फेकायचे तुकडे घरी न्यायची परवानगी नव्हती. रात्री गिऱ्हाईक संपलं की खरं काम सुरू. तेल गाळायचं, तळाशी बसलेला जळका मैदा खरवडायचा, फरशीवरचं तेल गरम पाण्याने काढायचं. शेवटची बस तोवर गेलेली. सकाळी बुटाच्या तळाला लागलेला चिकट थर त्याची आई चमच्याने काढायची, आणि मैद्याचा वास काही केल्या नखांतून जात नसे. हे सांगताना त्याचा सूर तक्रारीचा नसायचा. त्याच्या दुकानाला स्वच्छतेत चांगले गुण होते आणि त्याला त्याचा अभिमान होता. ते गुण त्याच्या पाठीवर मिळालेले आहेत, हे मात्र कुठल्या रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून आणखी मागे गेलं की शेड लागते, आणि तिथला बचाव वेगळा असतो. कंत्राटी पद्धतीमुळे शेतकरी वाचला, असं सांगतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. शेतकऱ्याने शेड, वीज, पाणी, तूस आणि मजुरी पाहायची आणि किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज, म्हणजे कोंबड्या वाढवण्याचा मोबदला, घ्यायचा. बाजारभाव पडला तरी त्याचं नुकसान नाही. यातही तथ्य आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो ही अफवा पसरली तेव्हा स्वतःच्या जिवावर कोंबड्या पाळणारे पार झोपले, कित्येकांनी पिल्लं जिवंत पुरली. पण त्यानंतर कंपन्यांनी नवी पिल्लं टाकणं आखडतं घेतलं, तेव्हा कंत्राटी शेतकऱ्याची शेड रिकामी राहिली आणि कर्जाचे हप्ते चालू राहिले. भावाची जोखीम कंपनीकडे, बॅच न मिळण्याची त्याच्याकडे. त्या दिवसांत तेलंगणाचे मंत्री हैदराबादला मंचावर चिकन खाऊन दाखवत होते, खाणाऱ्यांचा धीर वाढावा म्हणून. रिकाम्या शेडपाशी बसलेल्याला धीर द्यायला कुठलं खाद्य लागतं, याचा विचार तेव्हाही झाला नाही.

आणि शेतकऱ्याच्याही मागे ज्यांचं नाव कुठल्या करारात नसतं ती माणसं. माझ्या मामेभावाच्या शेडवर मी लिफ्टिंग, म्हणजे तयार कोंबड्या पकडून गाडीत भरणं, पाहिलंय. वटपौर्णिमेच्या सुमारास टाकलेली पिल्लं गटारीला तयार होतात, म्हणजे भर आषाढात, पावसात. उजेडात कोंबड्या बिथरतात म्हणून काम रात्री, एका निळसर बल्बच्या प्रकाशात. पकडणारी पोरं नाकाला रुमाल बांधतात, पण अमोनियाने डोळे चुरचुरतात त्याला रुमाल काय करणार. वाकायचं, एका हातात पायाला धरून चार-पाच पक्षी उलटे उचलायचे, वजनकाट्यापर्यंत न्यायचे, क्रेटमध्ये कोंबायचे, परत वाकायचं. मनगटं नखांनी ओरबाडून निघतात. मजुरी गाडीमागे ठरलेली, म्हणून कुणी थांबत नाही. गाडी भरली की तीच पोरं क्रेटच्या थप्पीवर चढतात, अंगावर प्लॅस्टिकचा कागद ओढतात आणि पुढच्या शेडकडे निघतात. ह्यांच्यातला एखादा उद्या वरून पडला तर तो कंपनीचा कामगार, गाडीवाल्याचा, की शेतकऱ्याचा? मामेभावाला विचारलं तर तो म्हणाला, “मुकादमाचा.” मुकादमाला विचारायची सोय नव्हती, तो मोबाइलवर होता.

चिकनच खाऊ नका, म्हणजे प्रश्नच संपला, असं तिसऱ्या फळीचं म्हणणं. प्राण्यांबद्दलचा त्यांचा युक्तिवाद स्वतंत्रपणे गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायची ही जागा नव्हे. पण कामगाराच्या बाबतीत तो काही सोडवत नाही. पनीर बर्गरच्या दुकानातला मुलगाही तेवढेच तास उभा असतो. पदार्थ बदलल्याने शिफ्ट लहान होत नाही.

मग काय करायचं? करता येतं, याची उदाहरणं आहेत. हॅम्लेटनंतर नॉर्थ कॅरोलिनाने कामगार सुरक्षा निरीक्षकांची संख्या जवळजवळ दुप्पट केली. कापडाच्या दुकानांतल्या सेल्सवुमन रस्त्यावर उतरल्या म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि नंतर तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात लिहून दिला. आपल्याकडे प्रवाह उलटा आहे. अन्न सुरक्षा अधिकारी अजूनही नमुने घेऊ शकतो, दुकानाला टाळं ठोकू शकतो. कामाचे तास पाहणाऱ्या निरीक्षकाच्या जागी मात्र २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने सल्ला देणारा सुविधाकार आणला. इन्स्पेक्टर राज म्हणजे पाकिटांचं राज होतं, ही तक्रार खोटी नव्हती, हे मान्य. पण पाकिटं अन्न निरीक्षकही घेत आले आहेत आणि म्हणून कुणी अन्नाची तपासणी सोडून द्या म्हणत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून दहावर न्यायला मंजुरी दिली. त्या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर कितीजण भांडले?

शेवटी उरतो तो किमतीचा मुद्दा. स्टूल द्या, तास पाळा, लिफ्टिंगवाल्यांना विमा द्या, म्हणजे चिकन महाग होणार आणि गरिबाचं प्रथिन जाणार. गरिबाचं प्रथिन चिकन सेंटरमधून पाव किलोच्या हिशेबाने येतं, किंवा अंड्याच्या रूपात येतं. मॉलमधल्या फ्राइड चिकनच्या बादलीला गरिबाचं नाव चिकटवणं बरं नव्हे. कॅलिफोर्नियाने १ एप्रिल २०२४ पासून फास्ट फूड कामगारांना तासाला किमान २० डॉलर द्यायला लावले. भाव थोडे वाढले, नोकऱ्यांवर काय परिणाम झाला यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडताहेत, आणि दुकानं चालू आहेत. आपल्याकडे बादलीमागे वीस-तीस रुपये वाढले तर मी ते देईन, आणि परवडणार नाही त्या रविवारी घरी अंड्याची आमटी करीन. सध्याचा भाव परवडतो, कारण त्यातला फरक भाच्याच्या पाठीतून आणि त्या क्रेटवरच्या पोरांच्या झोपेतून वसूल होतो.